शिसवाचे झाड कुणी पाहिले आहे?

मराठी गद्यात 'शिसव' हे नाम क्वचितच भेटते. भेटते ते 'शिसवी' हे विशेषण. शिसवी पलंग, शिसवी देव्हारा, शिसवी झोपाळा, शिसवी पाट. एखाद्या राबत्या गड्याच्या देहाचे वर्णन करायचे झाले तरी लेखकाच्या हाताशी 'शिसवी कांती' असतेच. वाड्याच्या गोष्टीत हे विशेषण आले की घराण्याची सुबत्ता, तिचे वय आणि पुढे येऊ घातलेली उतरती कळा हे सारे एका दमात सांगून होते. पण याच गद्यात शिसवाच्या सावलीत कुणी बसले आहे, शिसवाला पालवी फुटली आहे, शिसवाच्या शेंगा वाऱ्यावर उडत आहेत असे वाचल्याचे आम्हांला आठवत नाही. वड, पिंपळ, पळस, सावर, बहावा यांना मराठीत झाड म्हणून स्थान आहे. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) मराठी वाचकाला झाडाकडे महिन्यामहिन्याने पाहण्याची दृष्टी दिली. मारुती चितमपल्लींनी अरण्याची परिभाषाच शहरी वाचकाच्या पदरात घातली. तरीही शिसव आपल्या कल्पनेत आजवर लाकूड म्हणूनच वावरतो. तो कुठेतरी उभा असतो, त्यालाही मुळे आणि पाने असतात, हे आपल्या मनात येत नाही. ही केवळ भाषेतली उणीव आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्याचे विशेषण तेवढे शिल्लक राहिले त्याच्या नामाचे काय झाले, हे विचारणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न गोडदेवसारख्या ठिकाणी अधिक ठळकपणे पडतो. गोडदेव हे भाईंदर पूर्वेचे जुने गाव. खाडी, मिठागरे आणि भातखाचरे यांच्या आधाराने जगलेल्या या टापूत १९८५ साली नगरपरिषद आली आणि २००२ साली महानगरपालिका. दरम्यानच्या काळात गिरगाव, लालबाग, दादर येथील चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे इथल्या नव्या इमारतींमध्ये राहायला आली. टेम्पोतून त्यांच्याबरोबर जे सामान आले त्यात काही घरांतून एखादे शिसवी कपाट, एखादा छत्रीपलंग, आजोबांची लिहिण्याची पेटीही होती. आता त्याच इमारतींचे वय चाळिशीला टेकले आहे. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी निघते, पुनर्विकासाच्या बैठका होतात आणि घर रिकामे करताना त्या जुन्या वस्तूचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ती भाड्याच्या खोलीत मावत नाही, नव्या लिफ्टमध्ये जात नाही, आणि नव्या घराच्या आतील सजावटीशी तिचे जमत नाही. मग चोरबाजारातला किंवा ओशिवऱ्याचा एखादा व्यापारी ती पडत्या भावात उचलतो. जिच्या लाकडाला गाभा धरायला शंभर वर्षे लागली ती वस्तू, चाळीस वर्षे न टिकणाऱ्या इमारतीमुळे बेघर होते. आणि ज्या आठवड्यात ती जाते, त्याच आठवड्यात 'शुद्ध शीशम' असा शिक्का असलेला नवा पलंग हप्त्यांवर घरी येतो.

इथे नावांचा घोळ सोडवणे भाग आहे. बाजारात 'शीशम' म्हणून मिळणारे लाकूड बहुतांशी उत्तरेकडचे. शास्त्रीय नाव डालबर्जिया सिसू. हिमालयाच्या पायथ्याशी, नद्यांच्या काठच्या गाळाच्या जमिनीत वाढणारे हे झाड. सहारनपूरची कोरीव कलाकुसर आणि जोधपूरचे निर्यातीचे फर्निचर मुख्यतः याच लाकडाच्या जिवावर उभे आहे. आपल्या जुन्या घरांतला 'शिसव' हा त्याचा सह्याद्रीतला भाऊ, डालबर्जिया लॅटिफोलिया. इंग्रजांनी त्याला रंगावरून 'ब्लॅकवुड' म्हटले आणि ताज्या कापलेल्या लाकडाच्या मंद गुलाबी गंधावरून 'रोझवुड'. कन्नडमध्ये तो 'बीटे' आणि मल्याळममध्ये 'वीट्टी' किंवा 'ईट्टी'. दोन्ही झाडे एकाच कुळीतली, दोन्ही चांगली. पण एक नव्हेत. शिसवाचा गाभा तपकिरीपासून काळपट जांभळ्यापर्यंत जातो, त्यात गडद रेषा असतात आणि कोरडे लाकूड घनमीटरला सुमारे ८३० किलो भरते. साग त्याच मापाला साडेसहाशेच्या आसपास. शिसमाचा रंग त्या मानाने उघडा, सोनेरी तपकिरी. सुताराच्या रंध्याखाली दोन्हींतला फरक लगेच कळतो. ग्राहकाला तो कळू नये अशी मात्र बाजाराची सोय आहे, कारण 'शीशम', 'शिसवी' आणि 'रोझवुड' हे तीनही शब्द दुकानदार एकाच पाटीवर एकमेकांच्या जागी लिहितो. आणि प्लायवुडवर चिकटवलेल्या छापील सनमायकालाही 'रोझवुड फिनिश' म्हणायला त्याला कुणाची हरकत नसते.

परंपरेतही हा घोळ आहेच. संस्कृतातील 'शिंशपा' या शब्दाशी शिसव आणि शिसम या दोन्ही नावांचे नाते सांगितले जाते. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातील सीता ज्या झाडाच्या तळाशी बसलेली आहे आणि ज्याच्या पानांत लपून हनुमान तिला पाहतो, ते झाड अशोकाचे नसून शिंशपेचे आहे. कथासरित्सागरातला वेताळ ज्याच्या फांदीला लटकतो तेही शिंशपेचेच. कौशांबीजवळच्या शिंशपावनात बुद्धाने मूठभर पाने हातात घेऊन भिक्खूंना विचारले, हातातली पाने जास्त की वनातली. जे सांगितले ते मुठीएवढे आणि जे जाणले ते वनाएवढे, हा त्याचा आशय. भूगोल पाहिला तर या कथांतले झाड बहुधा उत्तरेकडचे सिसू असावे. पण आमचा मुद्दा वनस्पतीच्या ओळखीचा नाही. या तीनही कथांत शिंशपा उभी आहे. तिला फांद्या आहेत, पाने आहेत, तिच्या आत कुणी लपू शकते, तिच्याखाली कुणी रडू शकते. सिंहासन किंवा मंचक म्हणून ती तिथे आलेली नाही. आपल्या वाङ्मयात हे झाड कधी काळी जिवंत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

ते लाकूड कधी झाले? याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत सापडते. फोर्टातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, इथल्या दुकानांमधून त्या काळी 'बॉम्बे ब्लॅकवुड' नावाने ओळखले जाणारे फर्निचर विकले जाई. आकार युरोपीय, गोल मेजे, कोच, लिहिण्याची डेस्के, आरामखुर्च्या. त्यांवरचे काम मात्र इथल्या कारागिरांचे. पाने, वेली, पक्षी, फळे यांनी भरलेले, इंचभर जागा मोकळी न सोडणारे कोरीव काम. १८५१च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात मुंबईचे हे काम मांडले गेले. साहेबांच्या बंगल्यांत, पारशी आणि गुजराती शेटियांच्या हवेल्यांत, आणि पुढे ऐपतीप्रमाणे मराठी वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत ते पोचले. याच किनाऱ्यावर त्याआधी कितीतरी वर्षे पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात काळ्या लाकडाचे आणि हस्तिदंती जडावाचे काम होत असे. चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यासारख्या ठिकाणी त्या परंपरेच्या उत्तरकाळातल्या खुर्च्या आजही पाहायला मिळतात.

या फर्निचरचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि त्यातले बरेचसे रास्त आहे. पण कौतुक करणाऱ्यांचा प्रश्न नेहमी 'कुणी कोरले' किंवा 'कुणासाठी कोरले' इथे थांबतो. लाकूड आले कुठून, हे विचारले जात नाही. ते आले कारवार-मलबारच्या जंगलांतून, गलबतांनी, आणि काही अंशी उत्तर कोकणाच्या डोंगरांतून. त्याच लाकडाला आणखी एक मोठे गिऱ्हाईक होते. तोफगाड्यांच्या चाकांना झटके सोसणारे, न फुटणारे लाकूड हवे असे. शिसव त्या कामाला उत्तम. म्हणजे एकाच झाडावर दिवाणखाना आणि दारूखाना या दोघांचाही डोळा होता. आपण ज्याला घराण्याचा वारसा म्हणतो त्याच्या मागे एवढा मोठा उपसा आहे, याची जाण ठेवून तो वारसा सांगावा, इतकीच आमची अपेक्षा आहे. वारसा टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण आमच्या मते शिसवाचे खरे नुकसान कुऱ्हाडीइतकेच कागदानेही केले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. अरण्यातले सागवानादी वृक्ष सरकारी परवानगीने तोडावेत. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. आणि अगदीच एखादे जीर्ण झाड लागले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा भाव आहे. राज्याला लाकडाची निकड असूनही 'हे झाड कुणी वाढवले' हा प्रश्न तिथे विचारला गेला आहे. इंग्रजी अमलाने हा प्रश्न उलटा केला. १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे जंगल-संरक्षक झाले, १८७८चा जंगल कायदा आला, आणि १८७९च्या मुंबई जमीन महसूल संहितेने कब्जेदाराला त्याच्या जमिनीतील झाडांचा हक्क दिला तो सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळून. राखून ठेवायच्या झाडांत साग, शिसव आणि चंदन ही ठरलेली नावे. जमीन कुणाचीही असो, शिसव सरकारचा.

याचा परिणाम काय व्हावा हे ओळखायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. बांधावर शिसवाचे रोप उगवले. ते वाढू दिले तर त्याची सावली पिकावर, त्याची मुळे शेतात, राखणीची जबाबदारी शेतकऱ्यावर. आणि पुढे त्याची किंमत सरकारजमा. कुणी चोरून तोडले तर चौकशीचा ससेमिरा पुन्हा ज्याच्या शेतात बुंधा आहे त्याच्याच मागे. अशा वेळी शहाणा शेतकरी ते रोप दोन पानांचे असतानाच उपटून टाकतो. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगल-निर्बंधांविरुद्ध इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. गोडदेव ज्या साष्टी बेटावर आहे ते याच ठाणे जिल्ह्यात. स्वातंत्र्यानंतर अक्षर बदलले. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जमिनीवरच्या झाडांचा हक्क धारकाला दिला. पण तोडीची परवानगी, मोजणी, शिक्का आणि वाहतूक परवाना यांची साखळी तशीच राहिली, आणि तिच्यामागची भीतीही. चार पिढ्या जे रोप उपटायचे म्हणून शिकवले गेले ते पाचव्या पिढीने आपण होऊन लावावे, अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

केवळ निर्बंध उठवला की सारे सुरळीत होईल, असे मात्र कुणी समजू नये. केरळचे उदाहरण ताजे आहे. तिथे पट्ट्याने दिलेल्या जमिनींवरही शिसव, साग, चंदन अशी झाडे सरकारने स्वतःकडे राखली होती. २४ ऑक्टोबर २०२० रोजी महसूल खात्याने एक आदेश काढून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीतील झाडे तोडायला मुभा दिली. त्या आदेशाचा आधार सांगत वायनाड जिल्ह्यातील मुट्टिल येथे शंभराहून अधिक शिसव आडवे झाले. त्यांतले काही कित्येक शतकांचे. आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला, खटले उभे राहिले, लाकूड जप्त झाले. पण जमिनीवर आडवा झालेला वृक्ष काही उभा राहत नाही. या प्रकरणावरून 'शेतकऱ्याला हक्क दिला की तो तोडतो' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला तो मान्य नाही. पिढ्यानुपिढ्या नाकारलेला हक्क एका कागदाने अचानक, आणि तोही उद्या काढून घेतला जाईल अशा खात्रीने मिळाला, तर मिळालेल्या वेळात घाई होणारच. आणि त्या घाईचा खरा लाभ लाकडाच्या व्यापाऱ्याला होणार. ज्याला आपला हक्क उद्याही राहणार आहे याची खात्री असते, तोच उद्यासाठी झाड राखतो.

जागतिक पातळीवरही याच गाठी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००५ ते २०१४ या काळात जगभर जप्त झालेल्या वन्य मालाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा, एक तृतीयांशाहून अधिक, रोझवुड जातीच्या लाकडांचा होता. हस्तिदंत त्याच्या मागे. चीनमधील 'होंगमू' म्हणजे जुन्या राजशाही थाटाच्या तांबड्या-काळ्या फर्निचरची हौस हे त्यामागचे मोठे कारण. ब्राझीलचा रोझवुड १९९२ सालीच संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या 'साइटिस' कराराच्या सर्वांत कडक सूचीत गेला होता. त्याआधीच, १९६९च्या सुमारास, अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने ब्राझीलचे लाकूड मिळेना म्हणून भारतीय शिसवाकडे मोहरा वळवला होता. म्हणजे एका खंडातले झाड संपले की दुसऱ्या खंडातल्या झाडावर पाळी. अखेर २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाची सारी कुळीच साइटिसच्या दुसऱ्या सूचीत आली. कारण उघड होते: फळी हातात घेऊन ती कुठल्या जातीची हे बंदरावरच्या अधिकाऱ्याला सांगता येत नाही. पण त्यामुळे सहारनपूर-जोधपूरच्या कारागिरांचा लागवडीतला शिसमही संकटग्रस्ताच्या रांगेत बसला. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली. २०२२ साली पनामाच्या परिषदेत दहा किलोपर्यंतच्या वस्तूंबाबत भारताला दिलासा देणारा खुलासा झाला. ज्या बेफिकिरीने आपण 'शिसव' आणि 'शीशम' एकाच पाटीवर लिहितो, तिचीच ही मोठी, आंतरराष्ट्रीय आवृत्ती आहे. झाडांतला भेद ओळखण्याची तसदी कुणी घेतली नाही, म्हणून शिक्षा सगळ्यांना सारखी.

यावर एक आक्षेप संभवतो. जे लाकूड इतके दुर्मीळ आहे त्याचा मोहच सोडावा. लोखंड आहे, प्लायवुड आहे, रबरवुड आहे. शिसवी फर्निचर ही श्रीमंतांची चैन, तिच्यासाठी एवढे का लिहावे? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांला मान्य आहे. जंगलातल्या शिसवाला हात लागू नये. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे, हे पुरेसे आहे. पण लाकडाचा मोह सोडणे आणि झाड विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण लाकूड सोडले तर झाडाची आठवण ठेवायला आपल्याकडे दुसरे काही उरत नाही, ही आपली अडचण आहे. कारण झाडाशी आपले दुसरे नातेच नव्हते. जावा बेटावर हाच शिसव लागवडीत वाढवला जातो. तिथे त्याला 'सोनोकेलिंग' म्हणतात, आणि 'केलिंग' हे तिकडे हिंदुस्थानातून आलेल्यांचे जुने नाव. परक्या मातीत या झाडाने आपले मूळ नावात जपले आहे. जिथले ते मूळचे, तिथल्या शहरात मात्र त्याचे रोप कुणाला दाखवता येत नाही.

आणि हा मुद्दा मीरा-भाईंदरपुरता तरी तातडीचा आहे. मेट्रो मार्ग ९च्या कारशेडसाठी भाईंदर पश्चिमेच्या डोंगरीच्या टेकडीवरील हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ मध्ये रहिवाशांनी मोठा विरोध केला. त्या वादात जे बोलले गेले, दोन्ही बाजूंनी, त्यात आकडे फार होते: इतकी तोडणार, तितकी लावणार. राज्याच्या नागरी भागातील वृक्ष-संरक्षणाच्या १९७५च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाडाला 'हेरिटेज ट्री' म्हणून विशेष दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती सात वर्षे जगवण्याची अट आली. तत्त्व म्हणून हे पूर्वीपेक्षा निश्चितच बरे. पण साठ वर्षांच्या एका शिसवाच्या बदल्यात साठ शोभेची, भराभर वाढणारी झाडे लावली तर हिशेब जुळतो आणि शिसव मात्र जातो. पुढच्या वेळी त्या जागी पंचनामा करायला येणाऱ्याला तिथे शिसव होता हे कळण्याचा मार्गही राहत नाही. संख्येची भाषा झाडाला एकक मानते. ते कुठल्या डोंगरातले, कुठल्या पाखरांचे, किती सावकाश वाढणारे, हे तिला ऐकू येत नाही. जे व्यापाऱ्याने घनफुटात केले तेच आपण, भल्या हेतूने का होईना, नगांत करतो आहोत.

तेव्हा काय करावे? आमचे म्हणणे चार गोष्टींपुरते आहे. पहिली: घरातली जुनी शिसवी वस्तू विकण्याआधी ती दुरुस्त होते का, लहान होते का, हे सुताराला विचारावे. मुंबईच्या उपनगरांत काम करणारे राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कित्येक सुतार हे लाकूड ओळखतात. त्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. पलंगाचे मेज आणि कपाटाचा देव्हारा ते करून देतात. चपडा लाखेचे एक पॉलिश दिले की शंभर वर्षांचे लाकूड पुन्हा बोलू लागते. नव्याने एक झाड न तोडता शिसव वापरण्याचा हा एकमेव निर्दोष मार्ग आहे. दुसरी: दुकानदाराने लाकडाचे नाव खरे लिहावे आणि ग्राहकाने ते मागावे, शिसम हा शिसम म्हणूनही उत्तम आहे, त्याला उसन्या नावाची गरज नाही. तिसरी: ज्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर शिसव लावला, त्याची नोंद लावतानाच सातबाऱ्यावर व्हावी आणि पुढे त्याच्या तोडीचा व विक्रीचा हक्क त्याला किंवा त्याच्या वारसांना त्याच नोंदीवर विनासायास मिळावा. कर्नाटकाने २००१ साली चंदनाची मालकी जमीनधारकाला दिली. शिसवाबाबत असा विचार महाराष्ट्राने करायला हरकत नसावी.

चौथी गोष्ट महानगरपालिकेसाठी. गोडदेवच्या खाडीकडच्या खाऱ्या जमिनीत शिसव येणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याला पाण्याचा निचरा होणारी, खोल माती लागते. पण घोडबंदर आणि काशीच्या बाजूची जमीन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून आहे, आणि तिथल्या उद्यानांत, शाळांच्या आवारांत, टेकड्यांच्या उतारांवर हे झाड लावण्यासारखे आहे. ते शेंगावर्गीय असल्याने जमिनीला नत्र देते. एकदा रुजले की मुळांतून नवे धुमारे फुटून स्वतःची वाढ स्वतः करते. ते लवकर मोठे होणार नाही. आज लावलेल्या रोपाचा गाभा या शतकाच्या अखेरीस कुठे रंग धरू लागेल, आणि तेव्हा आजचे नगरसेवक, आजचे ठेकेदार आणि आम्ही लेखक यांपैकी कुणीही नसेल. ज्या पलंगावर आपले आजोबा निजले त्याचे झाडही त्यांनी लावलेले नव्हते. या गोष्टीला निवडणुकीच्या मुदतीत बसवता येणार नाही, म्हणून ती करायचीच नाही, असे मात्र होऊ नये.

वाचकांना एक विनंती. येऊरच्या किंवा तुंगारेश्वरच्या वाटेने पावसाळ्यानंतर जाणे झाले तर राखट सालीचा, बऱ्यापैकी उंच, विरळ फांद्यांचा एखादा वृक्ष दिसतो का ते पाहावे. एका देठावर पाच ते सात पर्णिका, समोरासमोर नव्हे तर एकाआड एक. प्रत्येक पर्णिका गोलसर, टोकाशी बोथट, कधी किंचित खाच पडलेली. टोकदार असेल आणि तीन-पाचच असतील तर तो उत्तरेचा पाहुणा शिसम. शेंगा चपट्या, कागदासारख्या, आत एक ते चार बिया. हे जुळले तर तो शिसव. त्याच्या खोडाला हात लावून पाहावा. आत जे काळे, जड, सुगंधी लाकूड आहे त्याचा बाहेरून काहीही पत्ता लागत नाही.